मिन्स पायची पैज आणि दोन नंबरवर अडकलेलं गाणं

२०२३ चा डिसेंबर, नाताळच्या आधीचा शुक्रवार, तारीख २२. मी इंग्लंडात रेडिंगला एका केअर होममधे काम करते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ, भरवणं, गोळ्यांच्या वेळा सांभाळणं आणि उरलेल्या वेळात गप्पा, खरं तर गप्पा हेच निम्मं काम. दुपारचा चहा आटपला होता, बाहेर चार वाजताच दिवेलागण झालेली, लाउंजमधे झाडावरचे दिवे लुकलुकतायत आणि खिडकीतल्या रेडिओवर जुन्या चार्टचा कार्यक्रम लागलेला. असे कार्यक्रम इथे भरपूर चालतात. एखादं जुनं वर्ष घ्यायचं, त्या आठवड्याची खपाची यादी काढायची आणि खालून उलटं मोजत एक नंबरपर्यंत यायचं, बस. त्या दिवशी वर्ष होतं १९८४, नाताळचा आठवडा.

तीन नंबरला पॉल मॅकार्टनीचं बेडकांचं गाणं झालं (हो, बेडकांचंच, कार्टूनमधले बेडूक कोरस धरतात आणि ते खरंच तीन नंबरला होतं), मग निवेदक म्हणाला दोन नंबरवर व्हॅम ह्या पॉप जोडगोळीचं 'लास्ट ख्रिसमस'. माझ्याबरोबर ड्युटीवर फिलिपिन्सची एक पोरगी होती, बावीस वर्षांची, ती ब्लँकेटच्या घड्या घालता घालता म्हणाली, दोन कुठला, हे तर एक नंबरचं गाणं आहे. तिच्या देशात सप्टेंबरपासूनच ख्रिसमस सुरू होतो, त्यामुळे तोवर तिचं ते गाणं चार महिने ऐकून झालं होतं. त्यावर खुर्चीतले आमचे एक आजोबा, वय ८१, एरवी जेवताना पण डोळे मिटलेले, ते टक्क जागे झाले. म्हणाले, हे गाणं कधी एक नंबरला गेलं नाही आणि जाणारही नाही, मला शिकवू नकोस पोरी, मी विकलंय ते. आजोबांचं तेव्हा रेकॉर्डचं दुकान होतं.

झालं, पैज लागली, एक डबा मिन्स पाय. (मिन्स पाय म्हणजे खिमा नाही हां, आत मनुका-बेदाण्यांचं सारण असतं, आमच्या वसईच्या करंजीची गोल विलायती बहीण समजा.) आणि पंच कोण, तर मी, कारण मी दोघांच्या मधे उभी होते एवढंच.

मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे, फोनवर बघायचं, निकाल द्यायचा, पाच वाजताच्या गोळ्या काढायला जायचं. पण बघायला लागले तर कळलं की दोघंही बरोबर आहेत, आणि कशामुळे बरोबर आहेत ते शोधण्यात माझी पुढची दोन रात्रपाळ्यांची सगळी ब्रेकची वेळ गेली. ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण काउंटडाउनचे कार्यक्रम ऐकत मोठी झालेली माझ्यासारखी बरीच माणसं असणार आणि नंबर म्हणजे नक्की कशाचा नंबर हा प्रश्न मला तरी आधी कधी पडला नव्हता.

आधी आजोबांची बाजू

१९८४ हे जॉर्ज मायकलचं, म्हणजे व्हॅमच्या मुख्य गायकाचं, वर्ष होतं. व्हॅमची दोन गाणी त्या वर्षी एक नंबरला गेली, मधे त्याचं एकट्याच्या नावावरचं 'केअरलेस व्हिस्पर' पण गेलं, म्हणजे एका वर्षात तीन, आणि चौथं त्याला नाताळाला हवं होतं. इथे नाताळच्या आठवड्यातला एक नंबर म्हणजे वेगळीच इज्जत आहे, बाकी ५१ आठवड्यांत कोण वर होतं हे लोक विसरतात पण नाताळाचा एक नंबर पब क्विझमधे विचारतात. तर त्यानं ऑगस्टच्या उन्हाळ्यात लंडनच्या एका स्टुडिओत बसून हे गाणं रेकॉर्ड केलं, लिहिलं त्यानं, गायलं त्यानं, ड्रम मशीन, सिंथेसायझर, घुंगरांसारखी ती स्लेज बेल, सगळं स्वतः वाजवलं. गाण्यात नाताळ नावापुरताच, बाकी प्रेमभंग. मला तर वाटतं म्हणूनच ते टिकलं, बर्फ न पाहिलेल्या माणसाला पण प्रेमभंग समजतो.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं असतं, पण २३ ऑक्टोबरला बीबीसीवर बातमीदार मायकल ब्युर्कचा इथिओपियाच्या दुष्काळाचा रिपोर्ट आला. तो पाहून बॉब गेल्डॉफ नावाच्या गायकानं मिज युअर ह्या दुसऱ्या गायकाला हाताशी धरलं, दोघांनी मिळून एक गाणं केलं, फोन करकरून सगळ्या मोठ्या पॉप गायकांना गोळा केलं आणि २५ नोव्हेंबरच्या रविवारी लंडनला नॉटिंग हिलच्या स्टुडिओत एका दिवसात गाणं रेकॉर्ड करून टाकलं. ह्या गोतावळ्याचं नाव बँड एड आणि गाणं 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही रेकॉर्ड दुकानात, आणि १५ डिसेंबरच्या यादीत बँड एड थेट एकवर, लास्ट ख्रिसमस थेट दोनवर. पाच आठवडे दोघंही तिथून हलले नाहीत.

आणि गंमत बघा, बँड एडच्या त्या गर्दीत जॉर्ज मायकल पण होता, त्याच्या वाटची ओळ त्यानं गायलीय! म्हणजे माणूस स्वतःच स्वतःला आडवा आला. त्यावर व्हॅमनं लास्ट ख्रिसमसचं रॉयल्टीचं उत्पन्न पण इथिओपियाच्या मदतीला देऊन टाकलं, त्यामुळे रागवायची पण सोय राहिली नाही. तेव्हाची हवाच तशी होती. जिम डायमंड नावाचा गायक डिसेंबरच्या सुरुवातीला एक नंबरवर होता, आणि त्यानं लोकांना उघड सांगितलं की पुढच्या आठवड्यात माझी रेकॉर्ड घेऊ नका, बँड एडची घ्या. कोण म्हणतं असं? आणि सरकारनं मात्र त्या रेकॉर्डवरचा व्हॅट सोडायला आधी नकार दिला, मग आरडाओरडा झाल्यावर तेवढी रक्कम मदत म्हणून परत दिली.

आजोबांना हे सगळं तोंडपाठ. त्यांच्या दुकानात गॅलप ह्या सर्व्हे करणाऱ्या कंपनीचं मशीन होतं. १९८३ पासून यादी करायचं काम गॅलपकडे आलं होतं आणि निवडक दुकानांत त्यांनी छोटी यंत्रं बसवली होती, गिऱ्हाइकानं रेकॉर्ड घेतली की तिचा कॅटलॉग नंबर त्यात दाबायचा, रात्री फोनच्या वायरीवरून आकडे जायचे. बँड एडचा नंबर होता फीड वन. आजोबा म्हणाले त्या महिन्यात मला दुसरं काही टाईप करता येत नव्हतं, झोपेत पण बोटं फीड वनच दाबायची. एकेक माणूस चार-चार कॉपी घेऊन जायचा, घरी रेकॉर्ड प्लेअर नसलेला पण घ्यायचा, कारण ती रेकॉर्ड नव्हतीच, ती मदतपेटी होती. ह्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, व्हॅमवाली पोरं एकच न्यायची, पण ती वाजवायला न्यायची.

हे वाक्य मी ब्रेकमधे कागदावर उतरवून ठेवलं, कारण अख्खं प्रकरण ह्याच्यातच आहे.

बँड एडचा खप ३० लाखांच्या वर गेला, लास्ट ख्रिसमसचा १० लाखांच्या वर. दहा लाख खपून दोन नंबर! कित्येक एक नंबरची गाणी त्याच्या निम्मी पण खपलेली नसतात. एक नंबरला न गेलेलं सगळ्यात जास्त खपाचं गाणं म्हणून त्याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जायचं, म्हणजे हरण्यात पहिला नंबर. ८५ च्या नाताळाला परत बाजारात आणलं, सहाव्या नंबरपर्यंत गेलं आणि संपलं. ८६ मधे व्हॅम पण फुटलं.

आणखी एक गोष्ट आजोबांकडून कळली जी मला अजिबात माहीत नव्हती. तेव्हा यादी मंगळवारी जाहीर व्हायची, रेडिओ वनवर, दुपारी. पण पोरं जो टॉप फोर्टीचा कार्यक्रम कॅसेट लावून, पॉजच्या बटणावर बोट ठेवून ऐकायची तो रविवारी संध्याकाळी. म्हणजे पाच दिवस आधी निकाल लागलेला असायचा तरी देश रविवारी रेडिओजवळ बसायचा. १९८७ मधे हे बदललं, मग रविवारीच नवी यादी. मला विचाराल तर यातच काउंटडाउनची जादू कळते, निकाल माहीत असला तरी चालतो, चढण महत्त्वाची. सत्यनारायणाच्या कथेत शेवटी काय होणार हे कुणाला माहीत नसतं? तरी बसतातच ना लोक.

मधली वीसेक वर्षं

८६ नंतर काय झालं, तर यादीच्या दृष्टीनं काही नाही. पण दर डिसेंबरात रेडिओवर ते वाजायचं, दुकानांत वाजायचं, ऑफिसच्या पार्टीत वाजायचं, ज्यांनी ८४ ला रेकॉर्ड घेतली ते घरी लावायचे. आता हे नीट लक्षात घ्या, ब्रिटनची यादी ही फक्त विकत घेण्याची यादी होती. रेडिओवर किती वेळा वाजलं ते त्यात धरतच नाहीत, अमेरिकेत धरतात, इथे नाही. तुम्ही १९८४ ला एक रेकॉर्ड घेतलीत, ती एकदा मोजली गेली, मग पुढची तीस वर्षं तुम्ही ती दर नाताळाला झिजेपर्यंत वाजवलीत तरी त्या मशीनला पत्ता नाही. आणि दुसऱ्या बाजूला ज्यानं मदत म्हणून बँड एडच्या चार घेतल्या आणि एकदाही वाजवल्या नाहीत, त्याचे चार धरले.

म्हणून जुन्या चार्टच्या कार्यक्रमात लास्ट ख्रिसमस दर वेळी दोनवरच येतं. बीबीसी रेडिओ टूचा 'पिक ऑफ द पॉप्स' हा असल्या कार्यक्रमांचा आजोबा, नाव १९५० च्या दशकातलं, १९६१ पासून अ‍ॅलन फ्रीमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं तो गाजवला, तेव्हा तो ताज्या गाण्यांचा होता. आता जुनी वर्षं काढून वाजवतात. तिथे ८४ चा डिसेंबर लागला की निवेदक कुणी असो, निकाल तोच. फोटोत डोळे मिटलेल्या माणसाकडे कितीही वर्षांनी बघितलं तरी ते मिटलेलेच.

इथे मला आमच्या पप्पांची आठवण आली. वसईला आमच्या घरी नाताळाचा गोठा बांधताना रेडिओ लागायचाच आणि पप्पा बुधवारच्या बिनाका गीतमालेच्या गोष्टी सांगायचे, रेडिओ सिलोन, रात्री आठ वाजता, अमीन सायानींचा आवाज, १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेला कार्यक्रम. पायदान हा शब्द आमच्याकडे नंबरऐवजी वापरला जायचा, परीक्षेचा निकाल लागला की पप्पा विचारायचे कितव्या पायदानावर? गीतमालेत पण हाच पेच होता. सायानींची माणसं रेकॉर्डच्या दुकानांतून खपाचे आकडे मागवायची, पण त्या काळी रेकॉर्ड घेणं किती लोकांना परवडत होतं, म्हणून मग श्रोता संघांकडून मतं पण घ्यायची, गावोगावच्या रेडिओ ऐकणाऱ्यांच्या मंडळांची. म्हणजे विकत घेणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा, हे सायानींना बिलायतेच्या यादीवाल्यांच्या कितीतरी आधी कळलं होतं. पप्पांचे आवडते कुठलेसे गाणे वर्षाच्या शेवटी वर आलं नाही म्हणून ते अजून कुरकुरतात, आणि मी तरी काय वेगळं करतेय.

मोजणी बदलली

पहिला मोठा बदल २००७ च्या जानेवारीत. तोपर्यंत डाउनलोड धरायला लागले होते पण गाण्याची सीडी वगैरे बाजारात असायला हवी अशी अट होती. ती अट काढली. म्हणजे जुनं, दुकानात न मिळणारं गाणं पण कुणी नेटवरून विकत घेतलं की यादीत येऊ शकतं. लगेच त्या डिसेंबरापासून जुनी नाताळाची गाणी उगवायला लागली, दर वर्षी, पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो तशी.

दुसरा बदल २०१४ च्या जुलैत, आणि हा खरा. स्ट्रीमिंग, म्हणजे गाणं विकत न घेता नेटवरून नुसतं ऐकणं, ते धरायला लागले. सुरुवातीला १०० वेळा ऐकलं की एक विक्री असा हिशोब, पुढे तो बदलत गेला, २०१८ पासून पैसे भरून ऐकणाऱ्याचे १०० आणि फुकट ऐकणाऱ्याचे ६०० ऐकणे म्हणजे एक विक्री. निदान ३० सेकंद ऐकायला पाहिजे, आणि एका माणसाचे दिवसाला दहाच्या वर धरत नाहीत, नाहीतर पोरं रात्रभर फोन चालू ठेवून झोपली असती.

ह्यात काय झालं बघा. आजोबांच्या मशीनला जे दिसत नव्हतं ते आता दिसायला लागलं. ८४ ला घेणं मोजत होते, आता ऐकणं मोजतात. एकदा मोजून विषय बंद असं राहिलं नाही, दर डिसेंबरात परत शून्यापासून, आणि नाताळाची गाणी तर माणसं दर वर्षी तीच तीच ऐकतात, हाच तर त्या गाण्यांचा धर्म आहे.

पण यादीवाले पण काही भोळे नाहीत. जुन्या गाण्यांनी कायमची जागा अडवली तर नव्या पोरांनी जायचं कुठे, म्हणून त्यांनी नियम केला की जुनं झालेलं, उताराला लागलेलं गाणं असेल तर दुप्पट ऐकणं लागेल, १०० च्या जागी २००, ६०० च्या जागी १२००. हा नियम लास्ट ख्रिसमसलाही लागतो. म्हणजे पायात वजन बांधून पळायचं. ते तसंच पळालं.

२०१६ च्या २५ डिसेंबरला, अगदी नाताळाच्या दिवशी, जॉर्ज मायकल गेला, गोरिंगच्या घरी, वय ५३. गोरिंग आमच्या रेडिंगपासून ट्रेननं पंधरा मिनिटं, थेम्सच्या काठचं लहानसं गाव. मी तेव्हा इथे नव्हते, नंतर एकदा सुट्टीच्या दिवशी गेले होते, नदीत बदकं आणि गावात शुकशुकाट, एवढंच. तो गेल्यावर चाहत्यांनी मनावर घेतलं की पुढच्या वर्षी ह्याला एक नंबर मिळवून द्यायचाच, पण २०१७ च्या नाताळाला एड शीरन वर बसलेला.

मग २०२०. लोक घरात कोंडलेले, पार्ट्या नाहीत, आणि नाताळाची गाणी नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त ऐकली गेली. डिसेंबरात मरायाह कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' ब्रिटनमधे पहिल्यांदा एक नंबरला पोचलं. तिचं पण हेच दुखणं, १९९४ ला ईस्ट सेव्हंटीन नावाच्या बँडनं तिला दोनवर अडवलं होतं. अमेरिकेत तर तिची कथा अजून विचित्र, तिथे ते सुटं सिंगल म्हणून विकायलाच ठेवलं नव्हतं आणि तेव्हाच्या बिलबोर्डच्या नियमात न विकलेलं गाणं हॉट हंड्रेडमधे बसतच नव्हतं, त्यामुळे सगळ्या देशाला पाठ असलेलं गाणं यादीत नाहीच. शेवटी २०१९ च्या डिसेंबरात ते तिथे एक नंबरला गेलं, पंचवीस वर्षांनी. आणि २०२३ मधे ब्रेंडा लीचं १९५८ चं गाणं, जे तिनं तेराव्या वर्षी गायलं होतं, ते बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या असताना अमेरिकेत एक नंबरला! पासष्ट वर्षं. पण ती वेगळी कथा, आपण आपल्या प्रकरणावर राहू.

तर २०२० चा नाताळाचा आठवडा. एक नंबरला कोण? लॅडबेबी. हा एक यूट्यूबर, दर वर्षी गाजलेल्या गाण्याचं सॉसेज रोलवरचं विडंबन काढायचा आणि पैसे फूड बँकांना, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थांना, द्यायचा. गाणी ऐकायला भयंकर असतात, मी खोटं बोलणार नाही. पण लोक मदत म्हणून विकत घ्यायचे, आणि विकत घेतलेला डाउनलोड अजून पूर्ण एक विक्री धरला जातो, त्याला शंभराचं गणित नाही. लक्षात आलं का? फीड वनच परत. न वाजवण्यासाठी घेतलेली रेकॉर्ड. छत्तीस वर्षांनी पण त्या गाण्याच्या डोक्यावर मदतपेटीच.

पण मदतपेटी एका आठवड्यात भरते आणि संपते. १ जानेवारी २०२१ ला पुढची यादी आली, तिच्यात २५ ते ३१ डिसेंबरचा हिशोब, लॅडबेबी एकवरून घसरून ७८ वर आणि लास्ट ख्रिसमस एकवर. त्या आठवड्यात ते ब्रिटनमधे ९२ लाखांच्या आसपास वेळा ऐकलं गेलं होतं. आलं तेव्हापासून एक नंबरला पोचायला छत्तीस वर्षं, तेव्हाचा तो विक्रम होता (पुढच्याच वर्षी केट बुशच्या जुन्या गाण्यानं तो मोडला). आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात? यादीतून गायबच. झाड उतरवलं, दिवे गुंडाळले, गाणं माळ्यावर.

पण हा नाताळाचा एक नंबर नव्हता, नववर्षाचा होता. नाताळाचा अजून हुकतच होता. २०२१ ला परत लॅडबेबी, सोबत एड शीरन आणि एल्टन जॉन. २०२२ ला परत लॅडबेबी, पाचव्यांदा ओळीनं, आणि त्या वर्षी त्यानं विडंबनाला कुठलं गाणं घेतलं माहितीये? 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'. तीच चाल, नाव फूड एड. हे मी वाचलं तेव्हा ब्रेकरूममधे मोठ्यानं हसले, केरळची सिस्टर म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही गं, एकाच माणसाला एकाच गाण्यानं अडतीस वर्षांच्या अंतरानं दोनदा पाडलं.

२०२३ ला लॅडबेबी उतरलाच नाही.

मधेच एक सांगायचं राहिलं. हे गाणं टाळण्याचा पण एक खेळ आहे, व्हॅमगेडन म्हणतात, डेन्मार्कच्या काही मित्रांनी काढला. १ डिसेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत लास्ट ख्रिसमस कानावर पडू द्यायचं नाही, पडलं की तुम्ही बाद. दुसऱ्या कुणी गायलेलं चालतं, फक्त मूळ गाणं नको. त्याच २०२३ च्या डिसेंबरात नॉर्दम्प्टनला फुटबॉलच्या मॅचमधे डीजेनं ते स्टेडियमवर लावलं आणि एका झटक्यात सात हजार माणसं बाद केली, बिचाऱ्याला माफी मागावी लागली. आमच्या स्टाफमधे पण दोघी खेळत होत्या, त्या दुपारी आमच्या रेडिओनं दोघींचा निकाल लावला.

निकाल

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास रेडिओ वनवर चार्ट शो चालू होता, आता यादी शुक्रवारी येते, २०१५ पासून. पोरीनं फोन खुर्चीच्या हातावर ठेवला, आजोबांनी कानातलं मशीन नीट केलं, मी गोळ्यांची ट्रॉली घेऊन दारात. नाताळाचा एक नंबर, लास्ट ख्रिसमस. एकोणचाळीस वर्षांनी पहिल्यांदा. पोरगी नाचली. त्याच खोलीत, दोन तासांच्या आत, एकच गाणं रेडिओवर दोन नंबरवर पण आलं आणि एक नंबरवर पण.

आजोबा काही हरायला तयार नव्हते. त्यांचा मुद्दा असा की ही तीच यादी नाही, नाव तेवढं तेच. माझ्या वेळी पोरगं आठवडाभर पैसे साठवून, बस पकडून दुकानात यायचं, ती निवड होती. आता कुणीतरी भिंतीवरच्या डब्याला सांगतं ख्रिसमसची गाणी लाव आणि तो डबा त्याच्या मनानं लावतो, माणूस स्वयंपाकघरात बटाटे सोलत असतो, ते पण धरतात. ह्याला ऐकणं म्हणायचं का? मुद्दा अगदीच सोडण्यासारखा नाही. प्लेलिस्टमधे वरच्या दोन-तीन जागा मिळाल्या की ढीगभर स्ट्रीम आपोआप येतात आणि त्या जागा आधीच लाडक्या असलेल्या गाण्यांनाच मिळतात, हे खरंय.

पण मग मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. म्हटलं आजोबा, चार-चार कॉपी नेऊन न वाजवणाऱ्याची ती निवड, आणि बटाटे सोलताना का होईना दर वर्षी गुणगुणणाऱ्याची ही निवड नाही? तुमच्या मशीननं त्या वर्षी दुष्काळ मोजला, आणि बरोबर मोजला, त्या वर्षी लोकांना तेच सांगायचं होतं. गाणं मोजायचं राहून गेलं होतं, ते आता मोजतायत. ते काही बोलले नाहीत, खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, ८४ ला मी स्वतःच्या दुकानातून एकच रेकॉर्ड घरी नेली होती बायकोसाठी. कुठली ते विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. व्हॅमचीच. मशीनमधे दाबली होती का? नाही, म्हणाले, स्वतःच्याच दुकानाची कशी दाबणार, ती चीटिंग झाली असती.

पैजेचा निकाल मी असा दिला की "कधी गेलं नाही" हे शब्द चुकीचे, कारण २०२१ लाच गेलं होतं, आणि "जाणारही नाही" तर डोळ्यांदेखत खोटं ठरलं, तेव्हा डबा आजोबांकडून. पण रेडिओवर लागलं होतं १९८४, आणि १९८४ पुरते ते शंभर टक्के बरोबर, म्हणून डब्यातला अर्धा वाटा त्यांचा. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी डबा घेऊन आली, सहा मिन्स पाय. पोरीनं एक घेतला, मला एक दिला, एक सिस्टरला. आजोबांनी आपले तीन एका बैठकीत संपवले, आणि रात्री त्यांच्या शुगरच्या चार्टवर जो आकडा मला लिहावा लागला तो बघून डॉक्टरांनी खाली लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं.